वर्षाला किती मासे पकडावेत? शिरढोणच्या खलाटीपासून उत्तर अटलांटिकपर्यंत एका आकड्याचा इतिहास

१/
पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण लागते. इतिहासाच्या वाचकांना हे गाव वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव म्हणून ठाऊक आहे. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी येथे जन्मलेले फडके १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात मरण पावले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय मत्स्य प्रदर्शन भरले होते. तेथे थॉमस हक्सले या नामवंत जीवशास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले की, तेव्हाच्या मासेमारीच्या पद्धती पाहता कॉड, हेरिंग, बांगडा यांसारखी समुद्रातील मोठी मासळी संपणे बहुधा शक्यच नाही. पुढील शतकभरात हे विधान खोटे ठरले आणि जगाने 'वर्षाला अमुक टन, त्याहून अधिक नाही' अशी मर्यादा घालायला सुरुवात केली. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मात्र हा आकडा आजवर आलेला नाही. तो का आला नाही, आणि तो येणे चांगले की वाईट, याचा हा मागोवा.

२/
सुरुवात समुद्रापासून दूर, भातशेतीतून करावी लागते. पनवेल-पेण पट्ट्यातील गावांत पावसाच्या पहिल्या मोठ्या सरींनंतर 'वलगण' चढते. नदीओढ्यांतील मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट दिशेने खलाटीत, भाताच्या खाचरांत शिरतात. गावकरी पाग टाकून, बांबूचे सापळे लावून, प्रसंगी नुसत्या हातांनीही ते धरतात. गाभोळीने भरलेल्या या माशांची चव रायगडात वर्षभर आठवली जाते. परंतु वलगणीत धरलेला प्रत्येक मासा आपल्या पुढच्या पिढीसह पकडला जातो. अतिमासेमारीचा मूळ प्रश्न या एका दृश्यात सामावलेला आहे. पकडलेल्या माशांची संख्या महत्त्वाची आहेच, पण ते केव्हा आणि कोणत्या वयाचे पकडले, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

३/
हा प्रश्न ब्रिटिश सरकारच्या कागदोपत्री आला तो फ्रान्सिस डे यांच्यामुळे. डे हे पेशाने लष्करी वैद्य होते, आणि हिंदुस्थानातील माशांच्या अभ्यासासाठी आजही त्यांचे नाव घेतले जाते. १८७३ साली त्यांनी हिंदुस्थान व ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या मासेमारीवर सविस्तर अहवाल सादर केला. अंडी घालायला निघालेले मासे आणि शेतात, कालव्यांत सापडणारी लहान पिल्ले यांचा सर्रास नाश होतो, ही त्यांची मुख्य तक्रार होती. जाळ्यांच्या आसांवर, म्हणजे छिद्रांच्या आकारावर, बंधन असावे असे त्यांचे मत होते. सरकारने त्यावर कायदा करायला आणखी चोवीस वर्षे घेतली.

४/
१८९७ चा 'इंडियन फिशरीज अॅक्ट' हा देशातील मासेमारीचा पहिला सर्वसाधारण कायदा. त्याने सुरुंगाची दारू आणि विष वापरून मासे मारण्यास बंदी घातली. पाण्यात कायम रोवलेले सापळे, बांध, जाळ्यांचा प्रकार व आकार यांवर नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. एखाद्या जलाशयात दोन वर्षांपर्यंत मासेमारी पूर्ण बंद ठेवण्याची तरतूदही त्यात होती. मासे 'कसे' आणि 'केव्हा' धरावेत याबद्दल हा कायदा बोलतो. 'किती' हा शब्द त्यात येत नाही. पुढे सव्वाशे वर्षे भारतीय मत्स्यकायद्याची चाल जवळजवळ हीच राहिली.

५/
त्या काळातील सरकारी संवर्धनाकडे पाहताना जंगलांचा अनुभव विसरून चालत नाही. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगले निर्माण केली आणि गावांचे लाकूड, चारा, गवत यांवरचे परंपरागत हक्क आक्रसले. कागदावर हेतू रक्षणाचा होता, व्यवहारात महसुलाचा. शिरढोणपासून फार दूर नसलेल्या चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, तो याच असंतोषाचा परिणाम. नैसर्गिक संपत्तीवरील मर्यादा ज्यांच्यावर लादली जाते त्यांचा ती ठरवण्यात वाटा नसेल, तर लोक तिला रक्षण मानत नाहीत, हिरावून घेणे मानतात. हा धडा समुद्रालाही लागू पडतो.

६/
समुद्रावर सरकारी नियम पोहोचण्यापूर्वी तेथे नियमच नव्हते, असे समजू नये. डोल जाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहात एका जागी रोवून लावतात. त्या जागेला 'कव' म्हणतात. कोणत्या कुटुंबाची, कोणत्या गावाची कव कुठे, हे कोळी समाजात परंपरेने ठरलेले असे, आणि त्यावरून गावागावांत तंटेही होत. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला सागराची पूजा करून पुन्हा समुद्रात जायचे, ही रीतही सर्वांना ठाऊक आहे. या रीतीचे मुख्य कारण खवळलेला समुद्र होते, माशांचे रक्षण नव्हे. परंतु अनेक जातींचा प्रजननाचा काळ पावसाळ्याच्या आगेमागे येत असल्याने त्यांना आपोआप उसंत मिळे. होडीला इंजिन बसले आणि पावसाळ्यातही समुद्रात जाणे शक्य झाले, तेव्हा ही आपोआप मिळणारी उसंत संपली.

७/
दरम्यान युरोपात हक्सलेंचे मत डळमळू लागले होते. वाफेवर चालणारे ट्रॉलर उत्तर समुद्र पिंजून काढत होते आणि मोठे मासे कमी होत होते. निर्णायक पुरावा अनपेक्षित ठिकाणाहून मिळाला. पहिल्या महायुद्धात सुरुंग आणि पाणबुड्यांच्या भीतीने उत्तर समुद्रातील मासेमारी बरीच थंडावली. युद्ध संपल्यावर बोटी परतल्या तेव्हा मासे अधिक आणि आकाराने मोठे मिळाले. काही वर्षांत ते पुन्हा घटले. माणूस थांबला की साठा वाढतो आणि माणूस परतला की आटतो, हे त्यातून दिसून आले.

८/
१९३१ साली ई. एस. रसेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हा हिशेब सोप्या रूपात मांडला. साठ्यात दरवर्षी नव्या पिल्लांची आणि वाढलेल्या वजनाची भर पडते, तर नैसर्गिक मृत्यू आणि मासेमारी यांमुळे वजाबाकी होते. सावकारी भाषेत सांगायचे तर साठा हे मुद्दल आणि वार्षिक वाढ हे व्याज. व्याजापुरतेच खर्च केले तर मुद्दल शाबूत राहते. १९५४ साली अमेरिकेतील मिल्नर शेफर यांनी यावर गणिती सूत्र बसवले. मुद्दल कोणत्या पातळीवर ठेवले असता सर्वाधिक व्याज मिळेल, हे त्यातून काढता येऊ लागले. 'कमाल शाश्वत उत्पादन' ही संकल्पना अशी रुजली आणि मासेमारीला एक वार्षिक आकडा मिळाला.

९/
आकडा मिळाला तरी तो वापरण्यातील अडचणी लगेच दिसल्या. अमेरिका आणि कॅनडा यांनी पॅसिफिक महासागरातील हॅलिबट या माशासाठी १९२३ साली करार केला होता, आणि १९३० च्या करारानंतर क्षेत्रवार पकड-मर्यादा लागू झाल्या. एकूण मर्यादा ठरली, पण ती कुणाच्या वाट्याला किती, हे ठरले नाही. साहजिकच प्रत्येक जण दुसऱ्याच्या आधी आपला हिस्सा काढण्यासाठी धावू लागला. बोटी वाढल्या, मोठ्या झाल्या आणि मर्यादा लवकर भरू लागली. अलास्काच्या काही भागांत तर १९९० च्या सुमारास वर्षभराचा हंगाम दोन-तीन दिवसांवर आला. वादळ असो वा नसो, त्याच दिवशी समुद्रात जायचे. साठा वाचला, पण मच्छीमारांचे जीव धोक्यात आले आणि बाजारात एकदम आलेल्या मासळीचा भाव पडला.

१०/
त्याहून मोठा आघात कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर झाला. शतकानुशतके युरोपला पोसणारा कॉड मासा तेथे मिळे. १९६८ साली परदेशी ट्रॉलरांसह उत्तरेकडील या साठ्यातून ८ लाख टनांहून अधिक कॉड काढला गेला. १९७७ साली कॅनडाने २०० सागरी मैलांपर्यंतचे क्षेत्र आपल्या अखत्यारीत घेतले आणि दरवर्षी शास्त्रीय मर्यादा ठरू लागली. परंतु साठ्याचा अंदाजच चढा होता. व्यापारी ट्रॉलरांना मासे भरपूर मिळत आहेत, म्हणजे समुद्रातही भरपूर असणार, असा समज झाला. वास्तविक उरलेले मासे एकत्र गोळा होत होते आणि आधुनिक यंत्रे ते नेमके शोधत होती. लहान होड्यांचे किनारी मच्छीमार मासे घटल्याचे सांगत होते, पण त्यांचे म्हणणे हिशेबात धरले गेले नाही. २ जुलै १९९२ रोजी मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. व्यापारी मासेमारीवरील ही बंदी उठायला २०२४ साल उजाडले.

११/
वार्षिक मर्यादेचा सर्वांत कडक कायदा अमेरिकेत झाला. १९७६ च्या मॅग्नुसन कायद्याने देशाचा किनारा आठ प्रादेशिक परिषदांत विभागला. या परिषदांत मच्छीमारांचे प्रतिनिधीही असतात. २००६ च्या दुरुस्तीने प्रत्येक साठ्याला वार्षिक पकड-मर्यादा बंधनकारक केली. तिची रीत पायऱ्यांची आहे. प्रथम शास्त्रज्ञ 'याहून अधिक काढल्यास साठा खचेल' ती पातळी सांगतात. अंदाज चुकण्याची शक्यता गृहीत धरून त्यातून काही वजा करतात. परिषद मर्यादा ठरवते, पण शास्त्रीय समितीच्या शिफारशीपलीकडे जाऊ शकत नाही. मर्यादा ओलांडली तर मासेमारी बंद करणे किंवा पुढच्या वर्षी कपात करणे असे उपाय योजावे लागतात. २००० सालापासून तेथील जवळपास ५० साठे पुन्हा पूर्वपदावर आले आहेत. आकडा काम करू शकतो, त्याचा हा पुरावा आहे.

१२/
धावाधाव थांबवण्यासाठी आइसलँड आणि न्यूझीलंड यांनी वेगळा मार्ग घेतला. एकूण मर्यादेतील हिस्सा प्रत्येक मच्छीमाराला किंवा बोटीला नावाने दिला आणि तो विकण्याची मुभा ठेवली. न्यूझीलंडने ही पद्धत १९८६ साली आणली. मासे वाचले, हंगाम शांत झाला. परंतु लहान मच्छीमारांनी हिस्से विकले आणि ते मोठ्या कंपन्यांकडे साचत गेले. न्यूझीलंडमध्ये माओरींना आपले परंपरागत हक्क मान्य करून घेण्यासाठी झगडावे लागले आणि १९९२ साली सरकारला त्यांच्याशी तडजोड करावी लागली. कोकणातील वाचकाला हा भाग विशेष जवळचा वाटावा. समुद्राचे वाटे पडले तर एका छोट्या होडीचा वाटा किती काळ तिच्याकडे राहील?

१३/
आता आपल्या किनाऱ्याकडे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील भारताची चिंता मासे संपण्याची नव्हती, अन्न कमी पडण्याची होती. मुंबईत १९४६ साली खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र सुरू झाले. त्यातूनच पुढे भारतीय मत्स्य सर्वेक्षण संस्था घडली. ३ फेब्रुवारी १९४७ रोजी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था स्थापन झाली. होड्यांना इंजिने, नायलॉनची जाळी, बर्फाचे कारखाने, सहकारी संस्था यांवर पंचवार्षिक योजनांतून खर्च झाला. पुढे कोळंबीच्या निर्यातीतून डॉलर येऊ लागले आणि ट्रॉलरांची संख्या वाढत गेली. या धोरणाने अनेक कोळी कुटुंबांना बरे दिवस दाखवले, हे नाकारण्याचे कारण नाही.

१४/
परंतु तळ खरवडत जाणारा ट्रॉलर आणि किनाऱ्याजवळ जाळे लावणारी छोटी होडी एकाच पाण्यात आल्या. १९७० च्या दशकात गोवा, केरळ, तामिळनाडू येथे दोघांत संघर्ष पेटला. जाळी फाटली, बोटी जळाल्या, माणसे मेली. केंद्र सरकारने १९७६ साली मजुमदार समिती नेमली, आणि त्यातून राज्यांसाठी कायद्याचा एक नमुना तयार झाला. केरळ व गोव्याने १९८० साली, तर महाराष्ट्राने १९८१ साली सागरी मासेमारी नियमन कायदा केला. म्हणजे या कायद्याचा जन्म माशांच्या मोजणीतून झालेला नाही. तो माणसामाणसांतील भांडण मिटवण्यासाठी झाला.

१५/
कायद्याची रचना पाहिली की हे स्पष्ट होते. राज्य शासन ठरावीक क्षेत्रात कोणत्या प्रकारच्या नौकांनी मासेमारी करावी, नौकांची संख्या किती असावी, कोणत्या जाती कोणत्या काळात पकडू नयेत आणि कोणती जाळी वापरू नयेत, हे ठरवू शकते. क्षेत्र, नौका, काळ, जाळे असे चार लगाम त्याच्या हाती आहेत. एका हंगामात एकूण किती टन, हा पाचवा लगाम कधी वापरात आलाच नाही. पावसाळी बंदी याच कायद्याखाली येते. एके काळी राज्यातील बंदीची अखेर '१५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल ते' अशी होती. कोळ्यांची तिथी शासकीय आदेशात आल्याचे हे दुर्मीळ उदाहरण. पुढे १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ठरले.

१६/
भारतात आकडा मुळीच नव्हता, असे मात्र नाही. देशाच्या सागरी क्षेत्रातून वर्षाला किती मासे काढता येतील याचे अंदाज तज्ज्ञ समित्या वेळोवेळी देत आल्या आहेत. १९९१ साली तो ३९ लाख टन होता, २०१८ साली ५३ लाख टन. फरक तो वाचण्याच्या दृष्टीत होता. अमेरिकी कायद्यात असा आकडा कमाल मर्यादा ठरतो. आपल्याकडे त्याचा अर्थ बहुधा 'अजून इतके काढायचे बाकी आहे' असा लावला गेला. १९९१ च्या खोल समुद्र मासेमारी धोरणात परदेशी भागीदारीतील जहाजांना दारे उघडली, तेव्हा आधार हाच होता. त्याविरुद्ध देशभरच्या मच्छीमार संघटना रस्त्यावर उतरल्या, १९९५ साली मुरारी समिती नेमली गेली आणि तिने १९९६ साली ते परवाने रद्द करण्याची शिफारस केली.

१७/
मग महाराष्ट्राने वार्षिक मर्यादा ठरवावी का? अडचणी खऱ्या आहेत. उत्तर अटलांटिकमध्ये एका जाळ्यात प्रामुख्याने एक जात येते. आपल्या डोलीत बोंबील, जवळा, करंदी, मांदेली एकाच वेळी येतात. पापलेटची मर्यादा भरली म्हणून जाळ्यात पापलेट येणे थांबत नाही. ते मेलेलेच समुद्रात फेकावे लागेल. शिवाय मोजायचे कुठे? २०१० च्या गणनेनुसार राज्याच्या ७२० किलोमीटर किनाऱ्यावर ४५६ मच्छीमार गावे आणि १५२ मासळी उतरवण्याची केंद्रे होती. यातील बरीच मासळी तेथेच, काही तासांत विकली जाते. संशोधन संस्था नमुना पाहणीवरून वर्षाचा अंदाज काढते. तो अभ्यासाला उत्तम आहे, पण 'आज मर्यादा भरली, उद्यापासून बंद' असे सांगायला पुरेसा नाही. त्यातच १२ सागरी मैलांच्या आत राज्याचा अधिकार, पलीकडे केंद्राचा. माशांना ही रेघ ठाऊक नाही.

१८/
म्हणून राज्याने जुनेच लगाम आवळले. पर्ससीन जाळे माशांच्या संपूर्ण थव्याला वेढा घालून तो उचलते. त्याच्या परिणामांचा अभ्यास डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या समितीने केला. त्या आधारे ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच काळ मिळाला आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणण्याचे ठरले. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने प्रखर एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून पकडण्यास बंदी घातली. २०२१ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती करून दंड लाखांच्या घरात नेला. तरी बंदी असलेल्या पद्धतींनी मासेमारी चालूच असल्याची तक्रार पारंपरिक मच्छीमार सातत्याने करतात. विस्तीर्ण समुद्रात गस्तीच्या मोजक्या नौका, ही या साऱ्या आदेशांची कमकुवत बाजू आहे.

१९/
वार्षिक आकडा वाचताना किती सावध असावे लागते, हे २०१९ ने शिकवले. त्या वर्षी महाराष्ट्रात २.०१ लाख टन सागरी मासळी उतरली. आदल्या वर्षी ती २.९५ लाख टन होती, आणि २०१९ चे प्रमाण ४५ वर्षांतील नीचांकी ठरले. याचा सारा दोष अतिमासेमारीला देणे घाईचे होईल. 'क्यार' आणि 'महा' ही चक्रीवादळे त्याच हंगामात आली आणि बोटी कित्येक दिवस बंदरातच राहिल्या. मासे कमी मिळणे आणि मासे कमी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यूफाउंडलंडमध्ये चूक उलट दिशेने झाली होती. मासे भरपूर मिळाले म्हणून ते भरपूर आहेत, असे मानले गेले.

२०/
२०२३ साली राज्याने आणखी एक पाऊल टाकले. सप्टेंबरमध्ये रुपेरी पापलेटला राज्यमासा घोषित केले. त्याच वर्षी ५४ जातींसाठी किमान आकार ठरला. पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर पकडू नये, असा हा नियम. केरळने अशी सुरुवात २०१५ साली केली होती. वलगणीच्या संदर्भात पाहिलेला 'कोणत्या वयाचा मासा' हा प्रश्न येथे कायद्यात आला. या उपायाचा गुण असा की त्याला साठ्याचा अंदाज लागत नाही. मोजपट्टी पुरते. बंदरावर, बाजारात, हॉटेलच्या स्वयंपाकघरातही ती लावता येते. दोष असा की लहान पिल्ले मोठ्या ट्रॉलरप्रमाणे छोट्या होडीच्या डोलीतही येतात. नियम सर्वांना सारखा, पण जाळे बदलण्याचा खर्च सर्वांना सारखा पेलत नाही.

२१/
दीडशे वर्षांचा हा इतिहास एकत्र पाहिला तर एक गोष्ट ठळक दिसते. वार्षिक मर्यादा यशस्वी होण्यासाठी तीन प्रश्नांची उत्तरे आधी लागतात. मोजणार कोण, वाटणार कसे आणि चूक झाल्यास भरणार कोण? हॅलिबटच्या वेळी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, कॉडच्या वेळी पहिल्याचे चुकले. जेथे तिन्ही उत्तरे बऱ्यापैकी मिळाली तेथे साठे सावरले. महाराष्ट्राने थेट आकड्यावर उडी घेतली नाही, यात काही शहाणपण आहे. पण मोजणीच टाळत राहिलो, तर तो दिवस कधीच येणार नाही. प्रत्येक बंदरावर उतरणाऱ्या मासळीची रोजची नोंद, आणि ती नोंद ठेवण्यात व तपासण्यात गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेचा सहभाग, ही सुरुवात आजच्या कायद्यातही अशक्य नाही. ज्याने स्वतः मोजले आहे, तो त्या आकड्यावरून ठरलेली मर्यादा अधिक सहज मान्य करतो.

२२/
हक्सलेंची चूक त्यांच्या काळाला शोभणारी होती. तेव्हा शिडाच्या बोटी अद्याप मोठ्या संख्येने होत्या आणि समुद्र खरोखरच अथांग वाटत होता. आज उपग्रह, ध्वनियंत्रे आणि पर्ससीन हाती असताना तेच गृहीत धरण्याची मुभा आपल्याला नाही. पुढच्या वेळी पनवेलच्या किंवा कुठल्याही बाजारात तळहातापेक्षाही लहान पापलेटचा वाटा स्वस्तात दिसला, तर १३५ मिलिमीटर आठवावेत. त्या वाट्यात या वर्षीची मासळी आहे आणि येणाऱ्या कित्येक वर्षांचीही.

थ्रेड समाप्त. आपल्या गावच्या कवींचे, वलगणीचे, बंदीच्या तिथींचे जुने संकेत कुणाला ठाऊक असतील, तर खाली अवश्य लिहावेत. असे संकेत कागदावर फार थोडे उतरले आहेत.